काक्षीचे तेज नुसत्या डोळ्यांनी कसे नोंदवावे

मृग नक्षत्राच्या चार पायांपैकी जो तारा स्पष्टपणे तांबूस दिसतो, तो काक्षी. त्याचे पाश्चात्त्य नाव बीटलज्यूस असून काही मराठी पुस्तकांत याच ताऱ्याला आर्द्रा म्हटलेले आढळते. हा तांबडा महाराक्षसी तारा आहे आणि त्याचे तेज सतत कमीजास्त होत असते. या बदलात सुमारे ४०० दिवसांचे एक आणि सुमारे सहा वर्षांचे दुसरे असे आवर्तन सापडते. पण ही आवर्तने एकमेकांवर चढलेली असतात आणि त्यांत ताऱ्याच्या पृष्ठभागावरील स्वैर उलथापालथीची भर पडते, त्यामुळे पुढच्या महिन्यात काक्षी किती तेजस्वी असेल हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. ते कळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे पाहणे आणि नोंदवणे. हे काम दुर्बिणीवाचून, नुसत्या डोळ्यांनी आणि नवख्या माणसालाही करता येते. ते नीट कसे करावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

इतक्या ठळक ताऱ्यावर मोठ्या वेधशाळांचे लक्ष असेलच, मग आपल्या नोंदीचा उपयोग काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती अशी, की अंधूक तारे टिपण्यासाठी बांधलेल्या अनेक स्वयंचलित सर्वेक्षणांच्या कॅमेऱ्यांना काक्षी फार प्रखर पडतो. त्याचा प्रकाश संवेदकाच्या मर्यादेबाहेर जातो आणि मोजमाप निरुपयोगी ठरते. म्हणून या ताऱ्याच्या तेजाच्या दीर्घ इतिहासात डोळ्यांनी आणि लहान उपकरणांनी केलेल्या नोंदींना आजही मोल आहे.

आधी ताऱ्याविषयी

काक्षीचे तेज बदलते हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८३६ साली ओळखले. ते त्या वेळी दक्षिण आफ्रिकेतील केप येथे वेध घेत होते. १८३७ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा १८३९ च्या नोव्हेंबरात काक्षी राजन्यापेक्षाही तेजस्वी झाल्याचे त्यांनी नोंदवले. राजन्य हा मृगाचा दुसरा ठळक, निळसर पांढरा पाय. एरवी तोच दोघांत उजवा असतो. हर्शेल यांच्याजवळ त्या काळातील उत्तम दुर्बिणी होत्या. तरीही ही नोंद त्यांनी एका ताऱ्याची दुसऱ्याशी तुलना करून केली. आपणही नेमके तेच करणार आहोत.

या ताऱ्याचा आकार प्रचंड आहे. सूर्याच्या जागी तो ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ३,५०० केल्व्हिन, म्हणजे सूर्यापेक्षा बरेच कमी, आणि म्हणूनच त्याचा रंग तांबूस. १९२० च्या डिसेंबरात मायकेल्सन आणि पीस यांनी अमेरिकेतील माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीवर व्यतिकरणमापक (वेगवेगळ्या वाटांनी आलेला प्रकाश एकत्र आणून मोजणारे उपकरण) बसवून काक्षीचा कोनीय व्यास, म्हणजे आकाशात दिसणारी त्याची रुंदी, मोजली. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा व्यास अशा रीतीने मोजण्याची ती पहिलीच वेळ होती. या अवाढव्य गोळ्यात आतून तप्त वायू वर येतो, थंड होतो आणि पुन्हा खाली जातो. वर येणाऱ्या वायूचे हे पुंजके एवढे मोठे असतात की पृष्ठभागावर थोडेच मावतात. त्यामुळे एखादा विशेष तापला किंवा थंडावला तरी संपूर्ण ताऱ्याच्या तेजावर परिणाम होतो. शिवाय सगळा तारा संथपणे फुगतो आणि आकसतो; सुमारे ४०० दिवसांचे आवर्तन या स्पंदनाचे आहे. लांब आवर्तनाचा संबंध आता एका सोबती ताऱ्याशी जोडला जातो. काक्षीच्या अगदी निकट अशा सोबत्याची चाहूल हवाईमधील जेमिनी नॉर्थ दुर्बिणीला लागल्याचे २०२५ साली जाहीर झाले.

अलीकडच्या काळातील सर्वांत बोलकी घटना २०१९-२० ची. काक्षीची दृश्यप्रत, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या तेजाचा आकडा, एरवी ०.५ च्या आसपास असते. प्रतीचा आकडा वाढला की तारा अंधूक, हे येथे लक्षात ठेवावे. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे अडीच पटींचा फरक. २०१९ च्या शरद ऋतूत काक्षी मंद होऊ लागला, डिसेंबरात अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड गिनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट खगोलजगताच्या नजरेस आणून दिली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ प्रतीपर्यंत उतरला, म्हणजे नेहमीच्या तेजाच्या साधारण एक-तृतीयांशावर आला. मृगाचा आकारच वेगळा दिसू लागला होता. चिलीमधील व्हेरी लार्ज टेलिस्कोपने घेतलेल्या प्रतिमांत ताऱ्याचा दक्षिणेकडील भाग काळवंडलेला दिसला. पृष्ठभागाचा मोठा भाग थंडावला, ताऱ्याने वायू बाहेर फेकला, त्या वायूतून धूळ बनली आणि ती आपल्या दृष्टिरेषेत आली, असा त्याचा उलगडा पुढे करण्यात आला. याउलट २०२३ च्या वसंतात हाच तारा जवळजवळ शून्य प्रतीपर्यंत उजळला होता. निरीक्षकाने म्हणूनच ०.० ते १.६ एवढ्या पट्ट्याची तयारी ठेवावी.

पहिली पायरी: काक्षी आणि आजूबाजूचे तारे ओळखणे

एका रेषेतील तीन ताऱ्यांचा बाण सापडला की मृग सापडलाच. बाणाच्या एका बाजूला तांबूस काक्षी आणि जवळजवळ तेवढ्याच अंतरावर विरुद्ध बाजूला निळसर राजन्य. बाणाची रेषा एकीकडे वाढवली की सर्वांत तेजस्वी तारा व्याध लागतो आणि दुसरीकडे वाढवली की रोहिणी. काक्षी आणि व्याध यांच्याशी जवळजवळ समभुज त्रिकोण करणारा तारा म्हणजे प्रश्वा. पुनर्वसूची जोडी प्रश्वाच्या उत्तरेला असते. तिच्यातील अधिक तेजस्वी व किंचित पिवळसर तारा पोलक्स आणि दुसरा कॅस्टर. एवढे तारे न चुकता ओळखता येईपर्यंत अंदाज नोंदवण्याची घाई करू नये. गुरू किंवा मंगळ या भागातून जात असेल तर नक्षत्रांची ओळखीची आकृती बिघडते आणि नवखा निरीक्षक हमखास फसतो, म्हणून त्या काळात ग्रहांची स्थाने आधी पाहून घ्यावीत.

दुसरी पायरी: तुलनातारे निवडणे

काक्षी एकटा पाहून त्याची प्रत सांगता येत नाही. त्याच्यापेक्षा थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे दोन तारे हवेत, ज्यांच्या प्रती ठाऊक आहेत आणि ज्यांचे तेज जवळपास स्थिर आहे. यासाठी प्रश्वा ०.४, रोहिणी ०.९, पोलक्स १.१ आणि बाणाच्या काक्षीकडील बाजूलाच असलेला मृगाचा आणखी एक पाय बेलॅट्रिक्स १.६, एवढी मालिका बहुतेक वेळा पुरेशी होते. काक्षी प्रश्वापेक्षाही उजळ झाला तर राजन्य (०.१) किंवा सारथी तारकासमूहातील ब्रह्महृदय (०.१) यांच्याकडे वळावे लागते. राजन्याचे तेज स्वतःच थोडेसे बदलते, आणि रोहिणीचेही काही प्रमाणात. परंतु हा बदल आपल्या अंदाजातील चुकीपेक्षा सहसा लहान असतो. व्याध (-१.५) या कामी वापरू नये. तो इतका प्रखर आहे की त्याच्याशी तुलना करताना डोळा निकाल देऊ शकत नाही.

काक्षीजवळच्या एखाद्या ताऱ्याशी तुलना करण्याचा मोह होतो, कारण शेजारी असल्याने ती सोपी वाटते. पण बाणाचे तारे काक्षीच्या नेहमीच्या तेजापेक्षा पुष्कळ मंद आहेत, आणि दोन ताऱ्यांतील फरक जितका मोठा तितका अंदाज ढिला होतो. दूरचा पण जवळच्या प्रतीचा तारा केव्हाही अधिक उपयोगाचा.

तिसरी पायरी: वेळ निवडणे

जूनमध्ये सूर्य मृगाच्या परिसरात असतो, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत काक्षी व्यवहारतः दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तो पहाटे पूर्वेला दिसतो, डिसेंबरात मध्यरात्री सर्वांत उंच असतो आणि मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी पश्चिमेकडे झुकलेला असतो. निरीक्षणाला सर्वांत सोयीची वेळ म्हणजे काक्षी आकाशात आपल्या सर्वोच्च स्थानाजवळ असतानाची, उदाहरणार्थ फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमाराची. त्या वेळी रोहिणी पश्चिमेकडे आणि प्रश्वा पूर्वेकडे अशी दोघे काक्षीच्या दोन बाजूंना बऱ्यापैकी उंच असतात.

तारे ठळक असल्यामुळे शहरातील उजेडातही हे काम होते. फक्त जवळच्या दिव्याचा प्रकाश थेट डोळ्यांवर येऊ नये, पातळ ढग नसावेत आणि चंद्र यांपैकी कोणत्याही ताऱ्याच्या शेजारी नसावा. पातळ ढगांचा धोका विशेष. ते रात्री दिसत नाहीत, पण एका ताऱ्यासमोर असतात आणि दुसऱ्यासमोर नसतात. ताऱ्याभोवती धूसर वलय जाणवले किंवा काही मिनिटांत तेज हेलकावताना दिसले तर त्या रात्रीची नोंद सोडून द्यावी. उजेडातून बाहेर आल्यावर डोळे स्थिरावायला किमान दहा-पंधरा मिनिटे द्यावीत.

चौथी पायरी: प्रत्यक्ष अंदाज

प्रथम एवढेच ठरवावे की काक्षी कोणत्या दोन तुलनाताऱ्यांच्या मध्ये बसतो. समजा, तो प्रश्वापेक्षा मंद आणि रोहिणीपेक्षा उजळ दिसला. आता प्रश्वा ते रोहिणी या तेजाच्या अंतराचे मनातल्या मनात पाच भाग करावेत आणि काक्षी त्यांपैकी कितव्या भागावर आहे हे सांगावे. तो प्रश्वापासून दोन भाग खाली वाटला, तर ०.४ आणि ०.९ यांतील ०.५ चे दोन-पंचमांश, म्हणजे ०.२, प्रश्वाच्या प्रतीत मिळवावेत, उत्तर ०.६. अंदाज एका दशांश स्थानापर्यंतच द्यावा. डोळ्याला त्याहून बारीक फरक या पद्धतीने विश्वासार्हपणे कळत नाही.

पाहण्याची रीत महत्त्वाची आहे. एका ताऱ्यावर क्षणभर नजर टाकावी, लगेच दुसऱ्यावर न्यावी, पुन्हा पहिल्यावर आणावी, असे अनेकदा करावे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहत राहिले की तो हळूहळू अधिक तेजस्वी भासू लागतो आणि अंदाज चुकतो. दुसरी दक्षता अशी, की दोन्ही ताऱ्यांना जोडणारी रेषा आपल्या दोन डोळ्यांच्या रेषेला समांतर येईल अशी मान कलती करावी. एक तारा वर आणि एक खाली असताना डोळा त्यांना सारखा न्याय देत नाही. ज्यांना लांबचे पाहण्यासाठी चष्मा लागतो त्यांनी तो काढून पाहण्याचा प्रयोग अवश्य करावा. तारे बिंदू न राहता पसरट ठिपके होतात, आणि दोन ठिपक्यांच्या उजेडाची तुलना दोन टोकदार बिंदूंच्या तुलनेपेक्षा सोपी जाते. ज्याने जी रीत धरली त्याने ती कायम ठेवावी. रीत बदलली तर तसे नोंदीत लिहावे.

रंगाची अडचण मात्र पूर्णपणे टळत नाही. अंधाराला सरावलेला डोळा निळसर प्रकाशाला अधिक आणि तांबड्याला कमी प्रतिसाद देतो, आणि हे प्रमाण प्रत्येक माणसागणिक वेगळे असते. म्हणून एकाच रात्री एकाच ठिकाणाहून काळजीपूर्वक पाहणारे दोन निरीक्षक काक्षीच्या बाबतीत ०.२ किंवा ०.३ प्रतीने वेगळे उत्तर देऊ शकतात. यात कोणाचेही चुकलेले नसते. नारिंगी रोहिणीशी केलेली तुलना पांढऱ्या प्रश्वाशी केलेल्या तुलनेपेक्षा सोपी वाटते, ती याच कारणाने. दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा जुळवून घेणे ही या कामातील सर्वांत मोठी हानी होय. आपल्या डोळ्याचा कल एकसारखा राहिला तर आपल्या नोंदींच्या मालिकेत ताऱ्याचे चढउतार खरेच उतरतात.

पाचवी पायरी: हवेच्या थराचा हिशेब

नवख्यांच्या बहुतेक चुका येथे होतात, म्हणून या भागावर थोडा अधिक वेळ घालवावा. तारा क्षितिजाकडे जितका झुकलेला, तितका त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि तितका तो मंद दिसतो. डोक्यावरील थराची जाडी १ मानली तर ७० अंश उंचीवर ती सुमारे १.०६, ५० अंशांवर १.३१, ३० अंशांवर २ आणि २० अंशांवर २.९ होते. स्वच्छ हवेत प्रत्येक एकक थरामागे साधारण ०.२५ प्रत कमी होते. धुरकट हवेत याहून जास्त. हात पुढे ताणून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश व्यापते, त्यामुळे ताऱ्यांची उंची मुठींनी मोजता येते.

समजा, मृग पश्चिमेकडे कलला आहे. काक्षी ५० अंशांवर, प्रश्वा ७० अंशांवर आणि रोहिणी ३० अंशांवर आहे, आणि काक्षी प्रश्वापासून रोहिणीकडे पाचांपैकी चार भाग खाली दिसतो. हवेचा विचार न करता उत्तर येते ०.८. आता हिशेब करू. हवेमुळे काक्षीचे ०.३३, प्रश्वाचे ०.२७ आणि रोहिणीचे ०.५० प्रत एवढे नुकसान होते. काक्षीच्या उंचीवर आणून पाहिले तर प्रश्वाची प्रत ०.४ ऐवजी ०.३४ आणि रोहिणीची ०.९ ऐवजी १.०७ धरावी लागते. दोहोंतील अंतर ०.७३, त्याचे चार-पंचमांश ०.५८, ते ०.३४ मध्ये मिळवले की ०.९२, म्हणजे ०.९. दशांशाचा हा फरक किरकोळ वाटेल, पण संपूर्ण हंगामात रोहिणी आधी पूर्वेला वर असते आणि नंतर पश्चिमेला खाली जाते. दुरुस्ती न करता नोंदी ठेवल्या तर आलेखात जो चढ किंवा उतार दिसेल तो ताऱ्याचा नसून ऋतूचा असेल.

हा हिशेब टाळायचा असेल तर तुलनातारा काक्षीच्याच उंचीवर येण्याची वाट पाहावी. दोन्ही तारे समान उंचीवर असले की दोघांचे नुकसान सारखेच होते आणि दुरुस्तीची गरज राहत नाही. माझ्या मते नवख्याने पहिल्या हंगामात हीच वाट धरावी. कोणताही तारा २० अंशांखाली असेल तर त्याच्याशी तुलना करूच नये.

सहावी पायरी: नोंद

अंदाज ठरताच तो जागेवरच लिहावा. दिनांक, वेळ, वापरलेले तुलनातारे, त्यांच्या प्रती, आपण केलेले भाग, प्रत्येक ताऱ्याची उंची, आकाशाची स्थिती आणि शेवटी काढलेली प्रत, एवढे सगळे नोंदीत असावे. ‘प्रश्वा, दोन भाग, काक्षी, तीन भाग, रोहिणी’ असा मूळ निरीक्षणाचा मजकूर जपणे अत्यावश्यक आहे, कारण पुढे एखाद्या तुलनाताऱ्याची प्रत सुधारली गेली तर जुन्या नोंदी त्यावरूनच पुन्हा हिशेबात घेता येतात. वेळ जागतिक वेळेत (यूटीसी) लिहिण्याची सवय लावावी. अंदाज करण्यापूर्वी मागची पाने उघडू नयेत. गेल्या खेपेचा आकडा डोळ्यांसमोर असला की डोळा तोच आकडा पाहतो.

काक्षी संथ बदलणारा तारा आहे. आठवड्यातून एकदा पाहिले तरी पुरते. रोज पाहिल्याने माहिती फारशी वाढत नाही, उलट कालच्या आकड्याचे दडपण वाढते.

नोंदी पाठवणे आणि पुढे

रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या नोंदी जगभरातून गोळा करणारी सर्वांत मोठी संस्था म्हणजे अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स. ती १९११ साली स्थापन झाली. कोणत्याही देशातील हौशी निरीक्षक तिच्याकडे निरीक्षक-संकेत मागून नोंदी पाठवू शकतो, आणि तुलनाताऱ्यांचे अधिकृत नकाशेही तेथे मिळतात. नोंदी पाठवायच्या असतील तर प्रती त्याच नकाशातील वापराव्यात, म्हणजे सर्वांची मोजपट्टी एक राहते.

स्वतःसाठी आलेख काढताना आडव्या अक्षावर दिनांक आणि उभ्या अक्षावर प्रत घ्यावी. उभ्या अक्षावर लहान आकडा वर ठेवावा, म्हणजे तारा उजळला की रेषा वर जाते. एकट्या बिंदूवरून निष्कर्ष काढू नये. काक्षी अचानक पोलक्सपेक्षाही मंद वाटला तर आकाश स्वच्छ असल्याची खात्री करून दोन-तीन रात्रींनी पुन्हा पाहावे. घसरण खरी असेल तर ती आठवडेच्या आठवडे टिकते, एका रात्रीत येऊन जात नाही.

जूनच्या सुमारास काक्षी दिसेनासा होतो तेव्हा वृश्चिकातील ज्येष्ठा हाती घेता येते. तीही तांबडी महाराक्षसी असून तिचे बदल अनियमित वर्गात मोडतात. चित्रा (१.०) आणि श्रवण (०.८) हे तिचे सोयीचे तुलनातारे होत. ज्येष्ठा उत्तरेकडील निरीक्षकांना क्षितिजाजवळच दिसते, त्यामुळे त्यांना हवेच्या थराचा हिशेब आणखी काटेकोरपणे करावा लागेल. ज्यांना उत्तर आकाश चांगले दिसते त्यांनी वृषपर्वा तारकासमूहातील म्यू हा तारा निवडावा. जॉन हर्शेल यांचे वडील विल्यम हर्शेल यांनी त्याच्या गडद तांबड्या रंगाची विशेष नोंद केली होती. तो ३.४ ते ५.१ प्रतींच्या दरम्यान बदलतो आणि त्याचे तुलनातारे झीटा (३.४), एप्सिलॉन (४.२) व लॅम्डा (५.०) त्याच्या शेजारीच असतात. त्याच्याजवळचा डेल्टा तुलनेला घेऊ नये, कारण तो स्वतः पाच-साडेपाच दिवसांच्या चक्राने ३.५ ते ४.४ प्रतींमध्ये बदलत असतो.